मिरवेल मरतायत: भर पावसात स्युडोमोनास घालून उपयोग होईल का?

आगरातली सूनबाई, गुहागर

नमस्कार मंडळी. आमचं गुहागरला पोफळी-माडांचं आगर आहे. पोफळींवर मामंजींनी काळी मिरी चढवली आहे. बरेचसे वेल पन्नियूर-१ चे, थोडे जुने गावठी. मिरीच्या पैशांतून झाडावर चढणाऱ्या पाडेल्याची मजुरी निघते, म्हणून या वेलांवर घरात सगळ्यांचा जीव आहे.

आर्द्रा लागल्या, पावसाने जोर धरला आणि विहिरीकडच्या सखल कोपऱ्यातले वेल पिवळे दिसायला लागले. आधी जमिनीलगतच्या पानांवर ओले काळपट डाग आले. मग चांगली हिरवी पानंसुद्धा गळायला लागली, वेल पेरापेराला सुटायला लागला आणि तीन वेल बघता बघता उभे वाळले. बाजूचे अजून हिरवेगार आहेत, पण ते तसेच राहतील याची मला खात्री वाटत नाही.

दुकानात विचारलं तर कार्बेन्डाझिम दिलं. आळ्यात ओतलं, काडीचा फरक नाही. मामंजी म्हणतात, मोरचूद-चुन्याशिवाय, म्हणजे बोर्डोशिवाय, दुसरं काही करायचं नाही. माझा भाऊ कऱ्हाडकडे आलं करतो. त्याचं म्हणणं, स्युडोमोनास नावाचे जिवाणू घाल, मुळं कुजायची थांबतात. त्याने किलोभर पावडर पाठवलीसुद्धा. पाकीट माजघरात तसंच आहे.

वाळत चाललेले वेल याने वाचतील का? आत्ता इतक्या पावसात घालावं की थांबावं? आणि मामंजींचं बोर्डो आणि भावाचे जिवाणू दोन्ही एकदम केलं तर चालेल का? मला दोघांचंही मन मोडायचं नाही, पण वेल वाचायला हवेत.

देवगडचा बागायतदार

वहिनी, मामंजी बरोबर सांगतायत. १ टक्का बोर्डो: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवा, प्लास्टिकच्या पिंपात, लोखंडी भांड्यात नको. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता, उलट नको. मग घासून लखलखीत केलेला कोयता त्यात बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून निवळी घाला. त्याच दिवशी संपवा.

जिवाणूंची पाकिटं मी आंब्याच्या मोहोरावर करप्यासाठी मारली होती. मला तरी गुण दिसला नाही. पैसे पाण्यात घालू नका.

मिरी रोपवाटिका, कुडाळ

वहिनी, पाकीट फोडण्याआधी एक काम करा. ज्या वेलाची पानं नुकती गळायला लागली आहेत त्याच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर माती बोटांनी बाजूला करा आणि अगदी बारीक, अन्न ओढणारी मुळं बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरट, टणक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी असतं आणि चिमटीत धरून हलकेच ओढलं की वरची साल बोटांत येते, आत नुसता दोरा उरतो. मग खोडाचा जमिनीलगतचा भाग नखाने खरवडा. आत काळं आणि पाणचट लागलं तर रोग बुंध्यात शिरलाय. तो वेल गेला. त्याला ना जिवाणू परत आणणार, ना बोर्डो. मुळासकट काढा, आगराबाहेर नेऊन जाळा. पाटात किंवा गडग्याच्या कडेला टाकू नका, तिथून पाण्याबरोबर तो परत येतो.

तुम्ही लिहिलेल्या खुणा मिरीच्या जलद मर रोगाच्या आहेत. करणारा फायटोफ्थोरा कॅप्सिसी. आपण सगळे त्याला बुरशी म्हणतो आणि बोलताना ते चालतंच, पण तो खऱ्या बुरशीपेक्षा वेगळ्या कुळातला आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक ज्याने कुजवलं आणि दुष्काळ आणला, त्याचा हा भाऊबंद. कार्बेन्डाझिम का चाललं नाही ते इथे कळतं: ते औषध खऱ्या बुरशीच्या पेशी विभागणीत अडथळा आणतं, फायटोफ्थोराला त्याने काही होत नाही. दुकानातून दरवर्षी कित्येक जण तेच घेऊन येतात आणि आळ्यात ओततात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पैसेही जातात आणि ऐन मोक्याचा आठवडाही जातो.

याचे बीजाणू पाण्यात पोहतात. खरोखर पोहतात, त्यांना दोन शेपट्या असतात. आळ्यात पाणी तुंबलं की या मुळाकडून त्या मुळाकडे जायला त्यांना वाट तयारच असते. आणि सरींबरोबर चिखल उडून खालच्या पानांवर बसतो, म्हणून पहिले डाग तुम्हाला तिथे दिसले. तेव्हा पहिला उपाय फावड्याचा. उन्हाळ्यात शिंपण्यासाठी बांधलेल्या आळ्यांच्या पाळी आत्ता फोडा. सखल कोपऱ्यातून उताराकडे चर काढा, पण वेलांच्या मुळांपासून लांबून, कारण पावसात खणताना तुटलेलं प्रत्येक मूळ म्हणजे रोगाला उघडं दार. जमिनीवर लोळणाऱ्या धावत्या फांद्या छाटा किंवा पोफळीला वर बांधा. रोग त्यांच्यावरून चढतो. हे केल्याशिवाय वर काहीही घातलंत तरी मी हमी देणार नाही.

आता जिवाणू. मी मिरीची रोपं करतो, पिशवीतली माती आणि मुळं हे माझं रोजचं काम, त्यामुळे जरा लांबण लागेल.

स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा मातीतलाच जिवाणू. तुमच्या आगरातही तो थोडाफार असणारच. प्रयोगशाळेत त्याची वाढलेली बशी अतिनील दिव्याखाली धरली की हिरवट-पिवळी चमकते. मी ते पाहिलं आहे, आणि एवढ्याशा ठिपक्यांतून इतका उजेड कसा येतो याचं नवल वाटतं. ज्या रंगद्रव्यामुळे तो चमकतो, ते द्रव्य मातीतलं लोह पकडून आणण्यासाठी तो बाहेर सोडतो. लोह याने ओढून घेतलं की शेजारच्या रोगकारकाला ते मिळत नाही. पण आपल्याकडे यावर फार भिस्त ठेवू नये असं मला वाटतं. आपली जांभ्याची माती आम्ल, तिच्यात लोह चुनखडीच्या जमिनीपेक्षा जास्त मोकळं असतं, त्यामुळे ही उपासमार देशावर जितकी जमते तितकी इथे जमत नाही.

आपल्या कामाच्या गोष्टी दुसऱ्या आहेत. एक म्हणजे तो मुळावर आधी येऊन बसतो. मुळातून जी साखर आणि आम्लं पाझरतात ती खातो, जागा अडवतो. दुसरी, काही वाण रोगकारकाला मारणारी द्रव्यं बनवतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एकाच शेतात वर्षानुवर्षं गहू घेतला तर गव्हाची एक मुळकूज आधी वाढत जाते आणि मग आपोआप ओसरते. शोध घेतला तेव्हा त्या मुळांवर असंच एक द्रव्य बनवणारे स्युडोमोनास साठलेले सापडले. कुणी पाकिटातून घातले नव्हते. अन्न मिळत राहिलं म्हणून ते वाढले. तिसरी गोष्ट खास फायटोफ्थोरासाठी: त्याच्या पोहणाऱ्या बीजाणूला बाहेरची भिंत नसते, आणि काही स्युडोमोनास फेस करणाऱ्या जातीचं एक द्रव्य सोडतात, त्याने हे बीजाणू फुटून जातात. चौथी, मुळावर हे जिवाणू बसले की झाड स्वतःच सावध होतं आणि पुढे पानावर हल्ला झाला तरी लवकर प्रतिकार करतं.

या चारही गोष्टींसाठी जिवाणू रोगाच्या आधी मुळावर पोचलेला हवा. आपल्या वाडीचा राखणदार असतो ना, तसा तो आहे. चोर घरात शिरल्यावर त्याला नारळ देऊन काय उपयोग? म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: वाळणारे वेल याने वाचणार नाहीत. बाजूचे हिरवे वेल मात्र वाचू शकतात, आणि पाकीट त्यांच्यासाठीच वापरा.

दोघांचंही ऐकायचंय ना, तर वेल वाटून घ्या.

सखल कोपरा आणि त्याला लागून असलेले वेल मामंजींकडे. तिथे उघडीप मिळाली की १ टक्का बोर्डोची फवारणी, पानांच्या खालच्या बाजूलासुद्धा, आणि बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २ ग्रॅम करून वेलाच्या वाढीप्रमाणे ५ ते १० लिटर ओता. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेची शिफारस अशीच आहे, पावसाच्या सुरुवातीला एकदा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा.

उंचावरचे निरोगी वेल जिवाणूंकडे. एक दिवस आधी घरचं चांगलं कुजलेलं शेणखत चाळून घ्या, मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये इतकं ओलं करा. त्यात पावडर सावलीत मिसळून ठेवा. मग पाऊस थांबला असताना बुंध्याभोवतीचा पातेरा, म्हणजे वाळकी पानं, बाजूला सारून हे खत पसरा आणि पातेरा परत ओढून घ्या. खणू नका. पातेऱ्याखाली ऊन लागत नाही, धो धो पावसात वाहूनही जात नाही. पाण्यातून द्यायचं तर लिटरला १० ते २० ग्रॅम, पण आत्ताच्या पावसात मी खतातूनच देईन.

तांबं आणि हे जिवाणू एकत्र नकोत. मोरचूद म्हणजे तांबंच, ती जशी बुरशीला मारते तशी यांनाही मारते. ज्या वेलांना तांबं दिलंय तिथे किमान पंधरा-वीस दिवस जाऊ द्या. स्ट्रेप्टोमायसिन असलेलं औषध तर अजिबात नको, ते जिवाणू मारण्यासाठीच असतं. पंपातून आधी बोर्डो मारला असेल तर त्याच पंपात ही पावडर कालवू नका.

देवगडच्या दादांनी गुण दिसला नाही म्हटलंय, ते मला खोटं वाटत नाही. त्या मोहोरावर पुढेमागे तांब्याची फवारणी होती का, किती वाजता मारलं आणि पाकीट किती जुनं होतं, हे सांगाल का दादा? स्युडोमोनास बीजाणू धरत नाही. शंखजिऱ्याच्या पावडरीत तो जिवंतच असतो आणि दिवसागणिक मरत जातो. पत्र्याखालच्या दुकानात एप्रिल-मे काढलेल्या पाकिटात काय उरलं असेल ते तुम्हीच बघा. शिवाय मोहोरावर भर उन्हात तो टिकत नाही. पानाफुलांवर मारायचं तर मी बॅसिलस सबटिलिस घेईन. तो जाड कवचाचे बीजाणू करतो, उष्णता सोसतो, पाकिटातही जास्त टिकतो. ज्या मोहोरावर एकदा भुरी दाटली तिथे मात्र त्याच्याकडूनही अपेक्षा ठेवू नये.

वहिनी, भावाने पाठवलेल्या पाकिटावर बनवल्याची तारीख, वापरायची मुदत आणि ग्रॅममागे किती जिवंत जिवाणू ते छापलेलं असेल. साधारण १ कोटी किंवा १० कोटी, असा मोठा आकडा असतो. मुदत संपली असेल तर वापरू नका. गुळाच्या पाण्यात पिंपभर वाढवायचा सल्ला कुणी देईल, तोही टाळा. उघड्या पिंपात कुठला जिवाणू वाढला हे वासावरून कळत नाही, आणि गुळावर भलतेच जोमाने वाढतात.

भातवाला, संगमेश्वर

काका, मध्येच विचारतो. आमच्याकडे लावणी अर्धी राहिली आहे. गेल्या साली भातावर करपा फार आला, लोंबीच्या मानेत काळं पडून दाणेच भरले नाहीत. तरव्याला, म्हणजे लावणीच्या रोपांना, आता काही करता येईल का? बीजप्रक्रिया केली नव्हती.

मिरी रोपवाटिका, कुडाळ

येईल की. बियाण्याला किलोमागे १० ग्रॅम लावायचं असतं, ती वेळ गेली, पण मुळं बुडवणं राहिलंय आणि भातात ते फार सोपं आहे. कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाची पद्धत अशी: खाचराच्या एका कोपऱ्यात २५ चौरस मीटर जागेत बोटभर पाणी अडवायचं, त्यात हेक्टरला २.५ किलो या हिशेबाने पावडर कालवायची आणि तरव्याच्या मुठी अर्धा तास मुळाकडून त्यात उभ्या ठेवायच्या. मग लावायच्या. गुंठ्याला २५ ग्रॅम पडते. पाणी वाहतं असू नये, नाहीतर पावडर खालच्या खाचरात जाते.

पण करप्याचं मूळ बघा. युरिया एकदम टाकता का? नत्र जास्त झालं की पान लुसलुशीत होतं आणि करपा त्यावरच धावतो. हप्त्यांनी द्या. पोटरीच्या सुमाराला, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या आधी, ढगाळ, दमट हवा असेल आणि पानांवर होडीच्या आकाराचे, मध्ये राखाडी ठिपके दिसले तर जिवाणूंवर विसंबून बसू नका, ट्रायसायक्लॅझोलसारखं करप्याचं औषध कृषी सहायकाला विचारून घ्या.

देवगडचा बागायतदार

काका, पाकीट उन्हाळ्यात स्थानिक दुकानातून घेतलेलं. आणि हो, त्याच आठवड्यात कॉपरची फवारणी झाली होती. फवारणीला माणसं दुपारीच मिळतात, तेव्हा तीही दुपारचीच. बॅसिलस कधी मारायचा?

मिरी रोपवाटिका, कुडाळ

दादा, मग त्या जिवाणूंना संधीच मिळाली नाही. बॅसिलस मोहोर फुटताना, रोग दिसायच्या आधी, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. एका ओळीत मारा आणि शेजारची ओळ नेहमीसारखी ठेवा. दोन्हीकडचं फळ एकत्र करू नका, म्हणजे तुमच्या बागेत काय होतं ते तुम्हालाच दिसेल. माझ्या शब्दापेक्षा ते खरं.

आगरातली सूनबाई, गुहागर

काका, मुळं काढून बघितली. सखल कोपऱ्यातल्या वेलांची साल तुम्ही म्हणालात तशी बोटात आली. मामंजी बाजूला उभे होते, त्यांनी स्वतः एक मूळ ओढून बघितलं आणि काही न बोलता फावडं आणायला गेले. चर काढून झालाय. तीन वेल जाळले, चौथ्याचाही बुंधा काळा निघाला, तोही काढला. वरच्या बाजूची मुळं पांढरी आहेत. पाकिटाची मुदत जानेवारीपर्यंत आहे, खत कालवून ठेवलंय, उद्या घालेन.

अजून दोन गोष्टी. मामंजी विचारतायत, पोफळीच्या शिंपुटांवर, म्हणजे सुपारीच्या घोसांवर, जी फळगळ येते तीसुद्धा याच कुळातली ना? मग तिच्यावर जिवाणूच फवारले तर बोर्डोसाठी पाडेल्याला वर चढवायचा त्रास वाचेल का? आणि भाऊ ट्रायकोडर्मा पण पाठवतो म्हणतोय. ते घेऊ का?

मिरी रोपवाटिका, कुडाळ

मामंजींना नमस्कार सांगा. त्यांचं बरोबर आहे, सुपारीचा कोळेरोगही फायटोफ्थोराचाच. पण तिथे बोर्डो सोडू नका. शिंपुट उंचावर, आभाळाखाली उघडं. कोकणातल्या पावसात तिथे जिवाणू धरून राहतील असा माझा अनुभव नाही, आणि पाडेल्याला चढावं तर लागणारच आहे. पाऊस लागण्याआधी एक फवारणी आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी. पहिली राहिली असेल तर आता उघडीप बघून करून घ्या. किंवा शिंपुटांना प्लास्टिकची टोपी बांधतात, ती पावसाआधी बांधावी लागते, पुढच्या वर्षी करून बघा. गळलेली सुपारी खाली पडू देऊ नका, गोळा करून जाळा. तीच खाली कुजते आणि रोग आगरातच राहतो. फवारताना मिरीच्या वरच्या बाजूच्या वेलांच्या बुंध्याशी ओघळ येणार, म्हणून आधी पोफळी फवारून घ्या, मग पंधरा दिवसांनी त्या वेलांना खत घाला. कालवलेलं खत तोवर सावलीत गोणपाट झाकून ओलसर ठेवा. पावडरीतली अर्धी आत्ताच काढून ठेवली असेल तर उत्तम, ती त्या वेळी ताजी मिसळा. घरातल्या थंड, कोरड्या फडताळात ठेवा, चुलीजवळ नको.

ट्रायकोडर्मा घ्या. तो जिवाणू नाही, खरी बुरशी आहे, आपल्या बाजूची. ९० किलो शेणखत, १० किलो निंबोळी पेंड आणि त्यात किलोभर ट्रायकोडर्मा, ओलसर करून सावलीत दोन आठवडे झाकून ठेवायचं, वर हिरवट-पांढरा थर दिसला की वापरायचं. स्युडोमोनासबरोबर एकाच वेळी नको, थोडं अंतर ठेवून ऑगस्टच्या उघडिपीत द्या.

जिथले वेल काढलेत तिथे लगेच नवा वेल लावू नका. तिथल्या मातीत रोग आहे. खड्डा पुढचा उन्हाळाभर उघडा तापू द्या, मग पावसाच्या तोंडावर लावा, आळ्याऐवजी जरा उंचवट्यावर. पोफळीच्या उत्तरेकडच्या बाजूला लावलंत तर कोवळ्या वेलाला दुपारचं ऊन कमी लागेल. रोपं कुठूनही घ्या, पण पिशवी फाडून मुळं बघून घ्या, पांढरी दिसली तरच. लावण्याआधी मुळांचा गड्डा लिटरला २० ग्रॅम स्युडोमोनासच्या पाण्यात बुडवून काढा. आमच्याकडे पिशव्यांची माती आधी मे महिन्याच्या उन्हात प्लास्टिकखाली तापवतो आणि जिवाणू नंतर घालतो. तोच क्रम तुमच्या खड्ड्यालाही लागू.